पायाला भिंगरी, कपाळावर शिक्का

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. गाव म्हणजे शिरोडा, तालुका वेंगुर्ला. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. बहिणीच्या घरी जेवायला बसलो तर तिने ताटाशेजारी एक कागद सरकवला. भाच्याच्या शाळेचा. मुलगा जागेवर बसत नाही, मध्येच उठून फिरतो, दुसऱ्यांना अडथळा आणतो. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा. खाली सही, शिक्का.

भाचा आठ वर्षांचा. तिसरीत. तो त्या वेळी मागच्या पडवीत मोडक्या टेबलफॅनच्या पोटात हात घालून बसला होता. आम्ही जेवलो, हात धुतले, बहीण रडली, रडून गप्प झाली, तरी हा तिथंच. पंखा गरगरला तेव्हा उठला.

ह्या पोराला म्हणे लक्ष देता येत नाही!

कागद वाचला आणि मला माझी पाठ आठवली. मीही ह्याच मातीचा. माझी आई मिठागरात मजुरीला जायची. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, मीठ ओढून ढीग लावायचे. पायाच्या भेगांत मीठ जायचं. बांधावर बसवलेला मी तिची पाठ वळली की पळालेला. ती ओरडायची, "झिला, तुज्या पायाक भिंगरी लागली हा काय रे?" ओरडायची आणि हसायची. तिच्या तोंडी भिंगरी हा रोग नव्हता, पोराचा स्वभाव होता. एक झील सावकाश, एक झील भिंगरी. वेळागरला रापण लागली की दोर ओढायला धावणाऱ्यांत मी पहिला. ओढणाऱ्याला मासळीचा वाटा मिळायचा. माझ्या भिंगरीवर घरात कितीदा कालवण शिजलंय.

तेच पाय वर्गात गेले की गुन्हेगार. शाळेचं नाव लिहीत नाही. अशी ती एकटीच नव्हती. तिथं मला छडी दोनदा बसायची. एकदा हललो म्हणून, एकदा कोण हलला म्हणून. सावंताचा पोरगा हलला तर तो 'खोडकर'. मी हललो तर 'ह्यांच्यात बसायची सवयच नाही'. माझ्या पायांना जात होती, हे मला मास्तरांनी शिकवलं. दुसरं फारसं काही शिकवलं नाही.

दहावीला दोनदा आपटलो. मुंबई गाठली. चार नोकऱ्या सुटल्या. पाकीट हरवलं, लोकलचा पास हरवला, भावाच्या लग्नाची तारीख विसरलो. लाईट बिलाचे पैसे खिशात असून वीज कापली गेली. आणि मोर्चाच्या आदल्या रात्री चाळीस बॅनर एकट्याने रंगवले, मान वर न करता. लोक म्हणायचे, साला काम करतो तेव्हा राक्षस, नाहीतर बेभरवशाचा. मी पण तेच म्हणायचो. स्वतःला शिव्या घालायला मला कुणाची मदत लागत नव्हती. चौतिसाव्या वर्षी सरकारी इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी समोर कागद ठेवला, तासभर प्रश्न विचारले आणि सांगितलं, एडीएचडी. मराठीत अवधान-न्यूनता, अतिचंचलता विकार.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या. मी आळशी नाही, नालायक नाही, हे कळून हलकं वाटलं. आणि 'न्यूनता' आणि 'विकार' ह्या दोन शब्दांनी डोकं फिरलं. न्यून कुणाच्या मानाने? मला लक्ष कमी नाही. फक्त ते माझ्या हुकमात राहत नाही. ते चिकटलं तर सुटत नाही आणि सुटलं तर चिकटत नाही.

आता त्या कागदावरचे प्रश्न बघा. जिथं बसून राहणं अपेक्षित आहे तिथं हा जागा सोडतो का? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो का? आपली पाळी येईपर्यंत थांबणं जड जातं का? वाचता वाचता मला हसू फुटलं. पाळीची वाट बघत थांबणं हेच जर निरोगीपणाचं लक्षण, तर आमच्या बापजाद्यांइतके निरोगी ह्या देशात कोण झाले? हजारो वर्षं थांबले. पाण्याची पाळी आली नाही, अक्षराची आली नाही. शेवटी २० मार्च १९२७ला महाडात पाळी न विचारता तळ्यात हात घातला, तेव्हा काठ्या पडल्या. तीन वर्षांनी, मे १९३०मध्ये, आमच्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. मूठभर मीठ उचलायला लांबून माणसं आली. ते देशकार्य. आम्ही ओंजळभर पाणी उचललं ते मात्र वेडेपण.

गैरसमज नको. बंड करणारा प्रत्येक जण एडीएचडीवाला असतो असं मी म्हणत नाही, आणि एडीएचडीवाला प्रत्येक जण बंडखोर असतो असंही नाही. मुद्दा असा की 'जागेवर बस' हा ह्या देशातला सगळ्यात जुना हुकूम आहे. जातिव्यवस्था दुसरं काय सांगते? आणि हुकूम कुणी मोडला की हुकूम तपासत नाहीत, मोडणाऱ्याचं डोकं तपासतात.

दाखले हवेत? १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने एक रोग शोधून काढला, ड्रेपटोमेनिया. लक्षण काय? गुलाम मालकाला सोडून पळतो. औषध काय? चाबूक. वीस वर्षांनी, १८७१ला, इंग्रजांनी इथं क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. एका जागी न राहणाऱ्या कितीतरी भटक्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावा, परवानगीशिवाय हलू नका. १९५२ला तो शिक्का कागदावरून पुसला. पोलिसाच्या डोळ्यातून अजून पुसलेला नाही. अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या विकारांच्या यादीत समलिंगी माणसंसुद्धा होती. १९७३ला ती काढली. त्या दिवशी माणसं बरी झाली नाहीत, यादी बरी झाली.

खुद्द ह्या आमच्या दुखण्याचा इतिहास बघा. १९०२ साली लंडनच्या जॉर्ज स्टिल ह्या डॉक्टराने अशा पोरांवर व्याख्यानं दिली आणि त्यांच्यात नैतिक ताब्याचा दोष आहे म्हणाला. नैतिक! १९६८ला त्याला 'बालपणाची अतिचंचल प्रतिक्रिया' म्हटलं. १९८०ला नाव फिरवून अवधान पुढे आणलं, १९८७ला आजचं नाव दिलं. पोरं तीच. पाटी बदलत गेली.

आता चळवळीतले दोस्त मला दोन बाजूंनी धरतात. पहिला म्हणतो, ही श्रीमंतांची थेरं, औषधकंपन्यांनी काढलेला रोग. असं काही नसतंच. दोस्ता, कापलेल्या विजेच्या अंधारात मी बसलोय, तू नाहीस. हा त्रास खोटा नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी दाखवलंय की ही ठेवण बरीचशी जन्मासोबत येते. 'जन्मासोबत' म्हटल्यावर आपले कान टवकारतात आणि ते बरोबरच आहे. जन्माच्या नावाखाली आपल्याला खूप लुटलंय. पण ही ठेवण जात विचारून येत नाही. वाड्यात येते, वाडीत येते. वाड्यातल्या पोराला कौन्सेलर मिळतो, वाडीतल्या पोराला छडी. फरक मेंदूत नाही, उंबरठ्यात आहे.

दुसरा म्हणतो, मग हे वेगळेपण आहे ना, तर औषध कशाला, इस्पितळ कशाला? इथं गल्लत होते. माणूस वेगळा आहे म्हणजे त्याला मदत नको असं कुणी सांगितलं? डावखुऱ्याला रोगी म्हणू नका, पण त्याला डाव्या हाताची कात्री द्या की नाही? मी स्वतः गोळी घेतो. मेथिलफेनिडेट. तिने मी दुसरा माणूस झालो नाही. सकाळी किल्ली सापडते, एवढंच. कुणाला गोळीने भूक मरते, झोप उडते, त्याला नको असेल तर नको. गोळी माझ्या गरजेला घ्यायची की मास्तराच्या सोयीला, हा प्रश्न आहे. पोराचं डोकं वर्गाच्या मापाचं कापायला कुणी गोळी मागत असेल, तर ती छडीच आहे, फक्त गिळायची.

विकार म्हटलं की दोष पोराच्या कवटीत जातो आणि शाळा मोकळी होते. साठ पोरं एका खोलीत, पंखा बंद, पाच तास ढुंगण बाकाला चिकटवून घोकंपट्टी, ह्याला कुणी विकार म्हणत नाही. वेगळेपण म्हटलं की शाळेला उत्तर द्यावं लागतं. म्हणून शब्दासाठी भांडायचं. आपल्याला हे नवं नाही. 'हरिजन' म्हणून पाठीवर मायेने हात फिरवला तेव्हा तो हात आपण झटकला. आपलं नाव आपण ठेवतो. जगात हेच चाललंय. 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द १९९०च्या दशकात स्वमग्न माणसांनीच आपल्या चळवळीतून पुढे आणला, त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी नव्हे.

पण नुसत्या नावाने पोट भरत नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव नाही. म्हणजे शाळेला हाकलायचं असेल तेव्हा हे मोठं दुखणं, आणि सवलत मागायला गेलो की असं काही नाहीच! वर सर्टिफिकेट आणा म्हणतात ते कुठून? आमचं गाव जास्त आजारी पडलं की गोव्यात बांबोळी गाठतं. आईची एक दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचं भाडं, एका फेरीला. आणि अशा फेऱ्या किती, ते कोण सांगणार?

म्हणून मागायचं ते ठणकावून मागू या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ह्या पोरांना तपासणारा माणूस द्या. कायद्याच्या यादीत नाव घाला. परीक्षेत जादा वेळ द्या. वर्गात उभं राहून लिहायची मुभा द्या, तासाला पाच मिनिटं हलू द्या. खर्च शून्य.

बाबासाहेबांना शाळेत वेगळं, गोणपाटावर बसवलं होतं. तेव्हाही भांडण जागेचंच होतं. कोण कुठे बसणार हे कोण ठरवणार?

त्या रात्री बहिणीने आणि मी शाळेला उत्तर लिहिलं. मी तीनदा विसरून उठलो, तीनदा तिने हाक मारून बसवलं. लिहिलं ते असं: २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याला मारता येत नाही, त्याचा मानसिक छळ करता येत नाही. आमचा मुलगा हलेल. त्याला शेवटच्या बाकाशेजारी उभं राहून लिहू द्या. डॉक्टरकडे आम्ही नेऊ, तुम्ही सांगता म्हणून नव्हे, त्याला गरज आहे म्हणून.

बहिणीने वाचलं. म्हणाली, "मास्तर रागावतले मरे." मग तिने सही केली. आमच्या आईने छडीचे वळ बघून फक्त खोबरेल लावलं होतं. एका पिढीत खोबरेलापासून सहीपर्यंत आलोय.

शाळेचं उत्तर अजून आलेलं नाही. भाचा रोज जातो. पाळीची वाट बघत नाही.