सामायिकाला नाडीचं प्रमाणपत्र नको



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली, एकमेकींना हात जोडून उत्तम क्षमा म्हणून झालं. तेव्हा आता थोडं भांडायला हरकत नाही.

आमच्या महिला मंडळाने यंदा भाद्रपदात दहा दिवसांचं 'सामायिक चॅलेंज' ठेवलं होतं. नाडी मोजणारं घड्याळ मनगटावर बांधून ४८ मिनिटं बसायचं. उठल्यावर हृदयगतीचा आलेख ग्रुपवर टाकायचा. दहा दिवसांत जिची सरासरी सगळ्यात कमी, तिचं सामायिक सगळ्यात स्थिर, आणि तिला चांदीचं निरांजन बक्षीस. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं त्यांनी मुलाचं, जावयाचं मागून आणलं. कल्पना ज्यांची, त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरुण सुना-मुली बस्तीत येत नाहीत, त्यांना विज्ञानाच्या भाषेत सांगितलं तर पटेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण हा प्रकार विज्ञान म्हणूनही चुकीचा आहे आणि धर्म म्हणूनही. पुढच्या वर्षी तो होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी घड्याळाबद्दल, कारण मी घड्याळाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. सकाळी अभिषेकाच्या आधी मी चालायला जाते तेव्हा माझ्या मनगटावरही तेच असतं. पूर्वी नाडी सतत मोजायची तर छातीला पट्टा आवळावा लागायचा. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी पट्टा बाजारात आणला. तो हृदयाचे विजेचे संकेत थेट छातीवरून टिपतो, म्हणून फार अचूक. पण तो ओला करून, छातीखाली घट्ट, कातडीला चिकटून बांधावा लागतो. साडी-ब्लाउजमध्ये बागेला चार फेऱ्या मारणारी कुठली बाई ते करणार? बिनपट्ट्याचं घड्याळ आलं आणि आपल्यासारख्यांची सोय झाली, हे मान्यच.

हे घड्याळ काम कसं करतं ते मात्र बघा. पालथं करा, मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, जास्त प्रकाश शोषला जातो, कमी परत येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये उलटं होतं. हा चढउतार मोजून घड्याळ आकडा काढतं. (चामड्याचा पट्टा नको म्हणून आपण दुकानदाराला दहादा विचारतो, ते बरोबरच. पण घड्याळाचं खरं काम त्याच्या पोटाशी चालतं, तिकडे आपण बघतही नाही.)

म्हणजे घड्याळाला हृदय दिसत नाही. त्याला मनगटातलं रक्त दिसतं, तेही कातडीला नीट टेकलेलं असेल तर. आपल्या हातात पाटल्या, बांगड्या. त्या घड्याळाला ढकलत राहतात, बाहेरचा उजेड आत शिरतो, आकडा बिघडतो. मनगटावर गडद गोंदण असेल तर तेच. हात गारठले की कातडीतलं रक्त कमी होतं, आकडा अडखळतो. कणिक मळताना, नारळ खवताना मनगटाच्या शिरा हलतात आणि घड्याळ भलताच वेग दाखवतं. चालताना तर पावलांच्या ठेक्यालाच ते कधीकधी ठोके समजतं. मिनिटाला ११५ पावलं पडत असतील तर नाडीही ११५ दाखवेल, प्रत्यक्षात ती ९५ असेल. शंका आली की थांबावं, दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला ठेवावीत, अर्धा मिनिट ठोके मोजावेत आणि दुप्पट करावी. आमच्या घरी येणारे जुने डॉक्टर हेच करायचे.

शांत बसलेल्या माणसाची नाडी ही घड्याळं बऱ्यापैकी बरोबर सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये ६० जणांवर ७ मनगटी उपकरणं तपासली. हृदयगतीत ६ उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. जाळलेल्या कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली, सगळ्यात वाईटाची ९३. एकासनाच्या दिवशी 'आज मी चारशे कॅलरी जाळल्या' म्हणून सांगणाऱ्या मैत्रिणींनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

तेव्हा चॅलेंजवाल्या म्हणतील, बघा, बसलेलं असताना आकडा बरोबर असतो, हे तुम्हीच सांगताय. हो, सांगते. माझा आक्षेप आकड्यावर नाहीच. त्या आकड्यातून तुम्ही जो निकाल काढलात, त्यावर आहे.

मोठ्या माणसाची बसल्या जागची नाडी साधारण ६० ते १०० मध्ये असते. ती का कमी आणि का जास्त, याची कारणं डझनभर आहेत. जी सून रोज पळते तिची पन्नाशीत असू शकते, कारण सवयीने हृदय बळकट झालेलं असतं. थायरॉइड मंदावलं असेल तर नाडी मंदावते. आणि रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल अशा गोळ्या असतील तर त्या गोळ्यांचं कामच ठोके कमी करण्याचं आहे. आमचं निरांजन कोणाला मिळालं ते मी लिहीत नाही, पण त्या काकू बारा वर्षं अशी गोळी घेतात, हे आख्ख्या मंडळाला ठाऊक आहे. त्या स्वतःच हसत म्हणाल्या, बक्षीस केमिस्टला द्या.

हसून सोडून दिलं असतं. पण यादीला वरचं टोक होतं तसं खालचंही होतं. एका मैत्रिणीचा आकडा रोज ९५ च्या वर. चौथ्या दिवशी कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, 'मन फार चंचल दिसतंय, संसाराचे विचार सोडा.' खाली हात जोडलेली चिन्हं पंधरा-वीस. सहाव्या दिवसापासून ती बस्तीत आली नाही. ही बाई पहाटे उठून सासऱ्यांचं अंथरूण बदलून, पाणी गाळून, दोन डबे भरून सामायिकाला येणारी. तिचा चेहरा पांढरा पडलाय, जिना चढताना ती धापा टाकते, हे आमच्यातल्या कोणालाही दिसत होतं. शरीरात रक्त कमी असलं की प्राणवायू पोचवण्यासाठी हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. केंद्र सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे शंभर जणी सामायिकाला बसल्या तर निम्म्याहून अधिक जणींची नाडी रक्ताअभावी वाढलेली असू शकते. त्यांना आपण काय म्हणणार, चंचल? त्या आकड्यातून जी गोष्ट वाचायला हवी होती ती एकीनेही वाचली नाही, आणि जी त्यात नव्हती ती वाचून एका श्राविकेला घरी बसवलं.

आता धर्माकडे. घड्याळातल्या दिव्याने हिंसा होते की नाही, वीज सचित्त की अचित्त, हा वाद मी इथे काढत नाही. आपल्या वेगवेगळ्या परंपरांत त्यावर मतभेद आहेत, जिने आपल्या गुरूंचं ऐकावं. माझा मुद्दा साधा आहे. सामायिकात आपण कायोत्सर्ग करतो. काय म्हणजे देह, उत्सर्ग म्हणजे त्याची ममता सोडणं. उभं राहायचं, हात सोडायचे, डास चावला तरी हलायचं नाही, कारण त्या वेळेपुरता हा देह माझा नाही. आणि त्याच वेळी त्या देहाच्या मनगटावर एक पहारेकरी बसवायचा, जो दर क्षणी देहाची खबर लिहून ठेवतो! आणि आपण डोळे मिटून त्या खबरीचीच वाट बघत बसतो. सामायिकाच्या अतिचारांत मनाचं दुष्प्रणिधान सांगितलं आहे. 'आता किती झाली असेल' हा विचार मनात आला की ते झालंच.

यावर एक हुशार उत्तर मला मिळालं. मोजणं आपल्याकडेही आहे की! आहे, नक्की आहे. नऊ वेळा णमोकार २७ श्वासोच्छ्वासांत, हे आपल्याला लहानपणी आजीने शिकवलेलं. मूलाचारात तर प्रतिक्रमणाच्या कायोत्सर्गाचे आकडेच दिले आहेत. दिवसाच्या प्रतिक्रमणाला १०८ उच्छ्वास, रात्रीच्या ५४, पाक्षिकाला ३००, चातुर्मासिकाला ४००, वार्षिकाला ५००. पण तिथे श्वास कशासाठी मोजतात? घड्याळ नसलेल्या काळात किती वेळ उभं राहायचं ते कळावं म्हणून, आणि मन मंत्राला बांधलेलं राहावं म्हणून. मोजणारीही तीच, बांधली जाणारीही तीच. २७ श्वास झाले की संपलं. माझे २७ तुझ्यापेक्षा संथ होते, असं कोणी वहीत लिहून ठेवलं नाही आणि त्यावर निरांजन वाटलं नाही.

आठ मदांमध्ये तपाचा मद वेगळा सांगितला आहे आणि शरीराचा वेगळा. आमच्या ग्रुपवरचे ते आलेख बघताना वाटलं, एकाच फोटोत दोन्ही बसवणारी सोय पहिल्यांदाच निघाली.

उपवासाचं मात्र गांभीर्याने सांगायला हवं. तीन उपवासांनंतर एक ताई म्हणत होत्या, घड्याळ नॉर्मल दाखवतंय, म्हणजे पाचही होतील. त्यांना साखरेची गोळी चालू आहे. बहिणींनो, नाडी नॉर्मल असताना रक्तातली साखर धोक्याइतकी खाली गेलेली असू शकते. मनगटावरचा हिरवा दिवा साखर मोजत नाही. क्षार किती उरलेत ते मोजत नाही. तुमच्या गोळ्या उपाशीपोटी काय करतील ते त्याला माहीत नाही. घाम, थरथर, उभं राहिल्यावर अंधारी, छातीत धडधड, लघवी गडद आणि अगदी थोडी, बोलताना शब्द न सापडणं, यातलं काही झालं तर घड्याळाकडे बघू नका, घरच्यांना हाक मारा आणि डॉक्टरांकडे जा. आणि गोळ्या चालू असतील तर पर्वाच्या पंधरा दिवस आधीच त्यांना विचारून घ्या. यात श्रद्धा कमी पडत नाही. सोळाकारण भावनांमध्ये तप आहे ते 'शक्तितस्तप' म्हणून आहे, आपापल्या शक्तीप्रमाणे. शक्ती किती आहे हे ठरवायचं काम आपण दुकानातून आणलेल्या वस्तूवर सोपवावं, असं कुठल्याही आचार्यांनी सांगितलेलं नाही.

मग घड्याळाचं करायचं काय? चालताना जरूर बांधा, बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं सोडून, जरा घट्ट. महिनाभर सकाळी अंथरुणातच, उठण्याआधी आकडा बघा. तुमचा स्वतःचा नेहमीचा आकडा कळेल, शेजारणीच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही. तो काही दिवस सतत वर राहिला, किंवा ठोके अनियमित असल्याची सूचना वारंवार आली, तर दवाखाना गाठा. '२२० वजा वय' हे सूत्र सरासरीचं आहे, एखादीच्या बाबतीत दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात, आणि वर सांगितलेल्या गोळ्या असतील तर ते लागूच पडत नाही. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. आणि सामायिकाला बसताना घड्याळ चपलांपाशी काढून ठेवा. ४८ मिनिटं मोजायला बस्तीच्या भिंतीवरचं घड्याळ आहे.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. चॅलेंज बंद. आणि बक्षिसासाठी दरवर्षी जे पैसे बाजूला काढतो, त्यातून पर्वाच्या महिनाभर आधी सगळ्या सभासदांची हिमोग्लोबिन आणि साखरेची तपासणी. पॅथॉलॉजीवाल्यांशी मी बोलले आहे, पन्नास जणी झाल्या तर ते सकाळी साडेसातला बस्तीच्या हॉलमध्येच यायला तयार आहेत. ज्या बायका आता येत नाहीत, त्यांचीही नावं यादीत घालायची आहेत. त्यांच्या घरी कोण कोण जाणार, ते कळवा.