मांडव्याच्या गाडीवाल्याचा कायदा कोणता?

गेटवेहून बोट मांडव्याला लागली की जेटीबाहेरच्या गाड्यांवर दहा-पंधरा मिनिटांची झुंबड उडते. वडापाव, भजी, कोकम सरबत, शहाळी, मोसमात ताडगोळे आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. बोटीच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असल्यामुळे प्रवासी फार रेंगाळत नाहीत. बस सुटली की धंदा थांबतो आणि पुढच्या बोटीची वाट सुरू होते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद होतात. भाऊच्या धक्क्यावरून येणारी रो-रो तेवढी चालू असते, पण तिच्यातले बरेच जण आपली गाडी घेऊन उतरतात आणि न थांबता पुढे निघून जातात. म्हणजे बारा महिन्यांचं घर आठ-नऊ महिन्यांच्या कमाईवर चालवायचं, असा हा हिशेब आहे.

अशा गाड्यांवर कडक नियम लावा, ही मागणी आपल्या किनाऱ्यावर नवी नाही. मार्च 2020 मध्ये रो-रो सुरू झाली, रस्त्यावरच्या मोटारी वाढल्या, शनिवार-रविवारचे बंगलेवाले वाढले, तसा तिचा आवाजही वाढला. विरोध करणारेही आहेत आणि त्यांत आपल्या समाजातली माणसं बरीच आहेत. माझं मत आधीच सांगते: हा विरोध योग्य आहे, पण अपुरा आहे. ‘नियम नकोत’ एवढंच म्हणून गाडीवाला वाचणार नाही. आज त्याला सर्वांत मोठा धोका आहे तो त्याच्या बाजूने एकही नियम लिहिलेला नसण्याचा.

तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. कागदी प्लेटा आणि प्लास्टिकचे ग्लास वाऱ्याने खाडीत जातात. तळणीचं जुनं तेल गटारात ओतलं जातं. वळणावर गाडी लावली की एसटीला वळता येत नाही. उघड्या शेगडीशेजारी सिलिंडर ठेवलेला मीही पाहिला आहे. या चारही गोष्टींना नियम हवेत. प्रश्न हा आहे की ते कोण करणार, कोणाला विचारून करणार आणि ते मोडल्यावर काय होणार.

शहरातल्या गाडीवाल्यासाठी याचं उत्तर कायद्यात आहे. 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. 1989 मध्ये सोदानसिंग खटल्यात रस्त्यावर धंदा करणं हा घटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क आहे, मात्र त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, असं सांगितलं. या वाटेने पुढे 2014 चा पथविक्रेता कायदा आला. त्यात काही ठोस गोष्टी आहेत. आधी सर्वेक्षण करा. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला उठवू नका. शहरासाठी फेरीवाला समिती नेमा आणि तिच्यात किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असू द्या. त्या निवडलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया असू द्या. हटवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस द्या. जप्त मालाची यादी करून तिची सही केलेली प्रत हातात द्या.

आता मांडव्याचा गाडीवाला हा कायदा घेऊन गेला तर काय होईल? त्याला परत पाठवलं जाईल. कारण या कायद्यातली ‘स्थानिक प्राधिकरण’ ही व्याख्या महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत अशा शहरी संस्थांची आहे. मांडव्यात ग्रामपंचायत आहे. अलिबाग शहरात नगरपरिषदेच्या हद्दीत तोच माणूस तीच गाडी लावेल तर तो ‘पथविक्रेता’. वीस किलोमीटर अलीकडे, जेटीवर, तो नुसता अतिक्रमण करणारा. कायदा करताना संसदेच्या डोळ्यांसमोर दिल्ली-मुंबई होती. मुंबईचं गिऱ्हाईक बोटीत बसून तासाभरात गावात उतरेल आणि गावाला शहराचा बाजार येईल, पण शहराचा कायदा येणार नाही, याचा विचार झाला नाही.

मग गावात उरतं काय? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 53, म्हणजे रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमणं दूर करण्याचा पंचायतीचा अधिकार. शिवाय जेटी मेरीटाईम बोर्डाची, मोठा रस्ता बांधकाम खात्याचा, वाहतूक पोलिसांची. हटवण्याचा अधिकार प्रत्येकाकडे थोडाथोडा आहे. बसू देण्याचा लेखी कागद देण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. म्हणून गाडीवाला आज याच्या मर्जीने बसतो, उद्या त्याच्या मर्जीने उठतो.

मी शिक्षिका असल्यामुळे अर्ज लिहून घ्यायला लोक येतात. कोणी ‘आपा’ म्हणून येतं, कोणी ‘बाई’ म्हणून. त्या अर्जांवरून एक गोष्ट लक्षात आली आहे. ‘प्रति’ असं लिहून मी थांबते आणि विचारते, अर्ज कोणाच्या नावे करू? बहुतेकांना ते ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं एकच नेमकं उत्तरही नसतं.

शहरात सगळं आलबेल आहे असंही नाही. 2014 च्या कायद्याखाली मुंबईत फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला ऑगस्ट 2024 उजाडला. मधल्या काळात, 2017 मध्ये, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. त्यानंतर साधारण महिन्याभराने उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून 150 मीटर आणि शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळापासून 100 मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असं बजावलं. अंतराची अट तातडीने अमलात आली. ज्यांना उठवलं त्यांना जागा कुठे द्यायची ते ठरवणारी समिती मात्र रखडली. कडक नियमांविषयी गाडीवाल्यांना भीती वाटते ती या अनुभवामुळे. नियमातला उठवण्याचा भाग लगेच लागू होतो आणि बसवण्याचा भाग फायलीत राहतो.

आपल्या समाजाची भीती याहून थोडी वेगळी आहे. तीही स्पष्ट बोललेली बरी. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदी करणारा ठराव केला. प्रशासनाने तो रद्द ठरवला, ही समाधानाची बाब. त्याआधी जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना मालकांची नावं लावायला सांगितली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोणतं अन्न आहे ते लिहायला सांगता येईल, नाव लिहायची सक्ती नको, अशी ती भूमिका होती. दोन्ही ठिकाणी सुरुवातीचे शब्द व्यवस्थेचे होते: पावित्र्य, शिस्त, पारदर्शकता. म्हणून नियम हा शब्द ऐकला की आपला माणूस आधी दचकतो. त्याला दोष देता येणार नाही.

पण दचकून नियमच नाकारायचे, हे आपल्या परंपरेला धरून नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणारे आणि फसवणाऱ्याला आपल्यातला न मानणारे पैगंबर सल्ल. आपण जाणतो. मदिनेत त्यांनी बाजारासाठी मोकळी जागा ठरवली आणि तिथे बसणाऱ्यांवर कर ठेवला नाही, असं रिवायतींमध्ये येतं. हजरत उमर यांच्या काळात शिफा बिन्त अब्दुल्लाह या बाईंकडे बाजाराची देखरेख सोपवली होती, असंही सांगतात. पुढे मुहतसिब हे पदच तयार झालं: वजन-माप पाहणारा, अन्नातली भेसळ पकडणारा, वाट मोकळी ठेवणारा. म्हणजे तपासणी होती, शिक्षाही होती, पण बाजारात बसण्याचा हक्क तपासणी करणाऱ्याच्या मर्जीवर नव्हता. स्वच्छतेचा आग्रह आपण दुसऱ्यांच्या आधी धरायला हवा, कारण हलाल कमाईत गिऱ्हाइकाच्या पोटाची काळजीही येते.

दुसरा धोका पैशाचा आहे. नियम कडक करताना फी, अनामत, ठरावीक मापाची गाडी अशा अटी आल्या की टेम्पोत स्वयंपाकघर बांधून घेणारा शहरातला फूड ट्रकवाला आत येतो आणि भज्यांची परात घेऊन बसणारी कोळीण बाहेर जाते. जून 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कोकणातल्या आठ किनाऱ्यांसाठी बीच शॅक धोरण मंजूर केलं. आपल्या जिल्ह्यातले वरसोली आणि दिवेआगर त्यात होते. 80 टक्के रोजगार स्थानिकांना, ही त्यातली अट चांगली. पण नोकर म्हणून स्थानिक असणं आणि मालक म्हणून स्थानिक असणं यांत फरक आहे. आज ती कोळीण लहान का होईना, मालकीण आहे. उलट उदाहरणही आहे: अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी लहान धंद्याच्या नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये ठेवली. गरिबाला परवडेल असा नियम करता येतो, तो असा.

काही जण म्हणतील, परवानगी दिली की गाड्या वाढत जातील आणि रस्ता कायमचा अडेल. पण गाड्या वाढल्या आहेत त्या परवानगी नसताना. मोजणीच नाही, तर मर्यादा कशाची ठेवणार? संख्या ठरवायची असेल तर आधी आज जे बसतात त्यांची नोंद करावी लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं. ग्रामसभा वर्षातून चार वेळा घ्यावीच लागते. तिथे विरोधाच्या घोषणांऐवजी लेखी ठराव न्यावा. त्यात सहा गोष्टी असाव्यात. पहिली, सध्याच्या सगळ्या गाड्यांची यादी, तीत नाव आणि फोटो, जात-धर्माचा रकाना नाही. दुसरी, जेटीजवळ प्रवाशांची वाट सोडून आखलेली जागा. त्यासाठी मेरीटाईम बोर्डाशी पंचायतीने बोलावं. तिसरी, प्रत्येक गाडीला झाकणाचा डबा, आणि जुन्या तेलासाठी एक सामाईक पिंप. चौथी, सिलिंडर शेगडीपासून दूर उभा, नळी दरवर्षी बदललेली. पाचवी, महिन्याची माफक फी, पावतीसह, बोटी बंद असलेल्या महिन्यांत माफ. सहावी, पहिल्या चुकीला लेखी ताकीद, दुसऱ्या चुकीला दंड, आणि उठवायचंच तर 30 दिवसांची नोटीस. शहराचा कायदा आपल्याला लागू नसला, तरी त्यातलं शहाणपण ठरावात घ्यायला कोणी मनाई केलेली नाही.

याच्या जोडीने वर एक मागणी जायला हवी. 2020 ची पीएम स्वनिधी कर्जयोजना शहरी फेरीवाल्यांपुरती होती. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने ती टप्प्याटप्प्याने जनगणना शहरं आणि निमशहरी भागांपर्यंत न्यायचं ठरवलं. कर्ज शहराच्या हद्दीबाहेर येऊ शकतं, तर 2014 च्या कायद्याचं संरक्षणही आलं पाहिजे. जिथे रोज बोटी भरून माणसं उतरतात त्या गावांना तो कायदा लागू करा, असं आपल्या आमदार-खासदारांना लेखी सांगायला हवं.

आणि हे फक्त मुस्लिम गाडीवाल्यांसाठी मागू नका. जेटीबाहेर आगरी आहे, कोळी आहे, आपला कोकणी मुसलमान आहे, उत्तरेकडून आलेला कुल्फीवालाही आहे. आपण आपल्यापुरतं मागितलं तर उद्या दुसरा त्याच्यापुरतं मागेल, आणि संख्या ज्याची जास्त त्याचा ठराव मंजूर होईल. सगळ्यांची एक यादी, सगळ्यांना एक नियम, हीच मागणी ग्रामसभेत टिकेल. अर्ज लिहायला मी आहे. सह्या तुम्ही गोळा करा, आणि त्यात बाकीच्या समाजांच्या सह्या आपल्याइतक्याच असतील असं बघा.