मीटरमागचा उजेड

जुनी गाडी घेतली की मागच्या मालकाची हौसही तिच्यासोबत घरी येते. दोन वर्षांपूर्वी खारघरच्या एका पोराकडून आम्ही हॅचबॅक घेतली. पोरगा सज्जन होता, कागदपत्रं चोख होती, सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार लावलेल्या. फक्त त्याने गाडी दाखवली दुपारी तीन वाजता. ताब्यात आल्यावर पहिल्यांदा रात्री दिवे लावले, तेव्हा स्टिअरिंगमागून असा काही निळा उजेड उसळला की ही म्हणाली, "अहो, डान्स बार बंद झाले ना २००५ साली? मग हा कुठून आणलात?"

मीटरमागे निळे, एसीच्या बटणांमागे निळे, पायाशीसुद्धा निळी पट्टी. डॅशबोर्डवरचा गणपती बिचारा शंकरासारखा दिसायला लागला. पायाची पट्टी मी दुसऱ्याच दिवशी उपटली. मीटरचं राहून गेलं. आज करू, उद्या करू म्हणत दोन वर्षं मी रोज रात्री पामबीच रोडवरून निळा होत घरी येत होतो.

तक्रार नुसती रुचीची असती तर गिळली असती. पण माझं वय पंचावन्न, आणि त्या उजेडात साठ आणि ऐंशीतला फरक कळायला मला क्षणभर जास्त टक लावावी लागायची. आकडे स्पष्ट दिसायचेच नाहीत, कडा विरघळल्यासारख्या. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नंबर तोच आहे. निळा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून जास्त वाकतो आणि पडद्याच्या किंचित अलीकडेच एकवटतो, त्यामुळे तो धूसर दिसतो. त्यात पडद्याच्या ज्या मधल्या ठिपक्याने आपण बारीक अक्षर वाचतो, तिथे निळा ओळखणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. वय झालं की भिंग पिवळट होतं आणि उजेड आत विखुरतो. म्हणजे वाचण्यासाठी सगळ्यात गैरसोयीचा रंग कोणता, तर तो आमच्या मीटरमागे होता.

मग हा रंग आला कुठून? मला वाटतं, केवळ नवलाईतून. लाल एलईडी १९६२ पासून होता, हिरवा-पिवळाही लवकरच आला. झगझगीत निळा मात्र कुणाला साधत नव्हता. तो जपानमध्ये शुजी नाकामुरांनी १९९३ साली साधला. त्याबद्दल त्यांना आणि त्यांच्याआधी त्याच वाटेवर खपलेल्या अकासाकी आणि अमानो यांना २०१४ चं नोबेल मिळालं. घराघरातले पांढरे एलईडी दिवे त्याच निळ्याच्या पोटातून आलेत, त्यामुळे नोबेलबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जी वस्तू तीस वर्षं मिळत नव्हती ती मिळायला लागल्यावर माणसाने ती सगळीकडे लावली. म्युझिक सिस्टीमला, वॉटर प्युरिफायरला, चार्जरला, आणि गाडीला. फोक्सवॅगनने तर नव्वदीच्या शेवटी शेवटी आकडे निळे आणि काटे लाल असा थाट केला होता. दिसायचा देखणा. रात्री तीन तास त्याच्यासमोर बसणं वेगळं.

आमच्या सोसायटीत बोटीवरून निवृत्त झालेले एक कॅप्टन आहेत. त्यांच्यापुढे विषय काढला. ते म्हणाले, "लाल लाव. आम्ही जन्मभर लालच वापरला." रात्री बोटीच्या ब्रिजवर काळोख ठेवतात, नकाशाच्या टेबलावर तेवढा मिणमिणता लाल दिवा. पाळी बदलताना नवा अधिकारी आला की लगेच ताबा घेत नाही. अंधाराला डोळा सरावेपर्यंत थांबायचं, मगच घ्यायचा, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. अंधारात काम करणाऱ्या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला सर्वात हळव्या आणि गडद लालला जवळजवळ आंधळ्या. म्हणून लाल दिव्याने त्यांची झोपमोड होत नाही. निळा दिवा लावला की वीस मिनिटांची कमाई क्षणात गेली.

मला पटलं. शिवाय मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून उतरलाच आहे. निदान आतून तरी आपण लावावा, असा एक क्षुद्र विचारही मनात आला. पण कॅप्टननीच पुढे पाचर मारली. लाल उजेडात लाल शाई दिसत नाही. नकाशावर लाल पेन्सिलीने केलेली खूण लाल दिव्याखाली गायब होते. विमानांच्या कॉकपिटमध्ये एके काळी लाल उजेड असायचा, तोही मंद पांढऱ्याला जागा देत गेला, कारण रंगीत नकाशे आणि रंगीत खुणा वाचायच्या असतात. आणि आमच्या गाडीचा काटा लाल. लाल चेहऱ्यावरचा लाल काटा शोधत पनवेलपर्यंत जायचं?

आणखी एक भानगड गाडीच्या पुस्तिकेत सापडली. (दोन वर्षांत ती मी पहिल्यांदाच उघडली. आत मागच्या मालकाचा एक कांदेपोह्याचा फोटो होता, तो परत केला.) मीटरवरच्या इशाऱ्याच्या दिव्यांचे रंग ठरलेले असतात आणि ते जगभर साधारण सारखेच. लाल म्हणजे थांब. पिवळा म्हणजे लवकर बघून घे. हिरवा म्हणजे चालू आहे, ठीक आहे. आणि निळा मुख्यतः एकासाठी राखलेला, हेडलाइट अप्परवर आहे हे सांगायला. हे वाचल्यावर मला पामबीच रोडचं कोडं सुटल्यासारखं झालं. वाशी ते बेलापूर, झगझगीत दिव्यांचा रस्ता, आणि निम्मे लोक अप्पर मारत चाललेले. उद्धट म्हणून मी त्यांना दोन वर्षं शिव्या घातल्या. ते उद्धट नसतील, त्यांची मीटरं निळी असतील! निळ्या समुद्रात निळा ठिपका कोणाला दिसणार? वर यांच्यातलेच काही समोरून येताना कारण नसताना मला डिपर देतात. मीही उलट देतो, सोडत नाही.

खरं तर नवी मुंबईत सरावायला अंधार उरलाय कुठे? काळोख लागतो तो गणपतीला माणगावला जाताना, पळस्पे सोडून कर्नाळ्याच्या झाडीत शिरलो की. तिथे बाजूच्या काचेत आमच्या मीटरचं निळं भूत तरंगायचं, नेमकं आरशाच्या जागी. आरशात ट्रक आहे की आमचाच स्पीडोमीटर, हे ओळखायला मान पुढे काढावी लागायची. तेव्हाच ठरवलं की यंदाचे गणपती निळ्यात न्यायचे नाहीत.

कोपरखैरण्याच्या एका गल्लीत सीटकव्हरं आणि दिवे विकणारी ओळीने दुकानं आहेत. तिथल्या पोराने पुठ्ठ्यावर टाचलेले बल्ब पुढे केले. "काका, आइस ब्लू घ्या, लेटेस्ट."

"निळा काढायलाच आलोय."

"मग पर्पल?"

नव्या महाग गाड्यांत हा प्रश्नच येत नाही. फोर्डने २००५ च्या मस्टँगमध्ये मीटरसाठी सव्वाशे रंग दिले होते. चाकणला बनणाऱ्या मर्सिडीजमध्ये आतल्या उजेडाचे चौसष्ट रंग मिळतात. आपल्याकडे कला चौसष्ट, त्यांच्याकडे दिवे. पण चौसष्टातला एक निवडायला जी बुद्धी लागते ती किमतीत धरलेली नाही. मला विचाराल तर बीएमडब्ल्यूने हे कोडं कधीच सोडवलं होतं: वर्षानुवर्षं त्यांच्या मीटरमागे एकच नारिंगी. लालच्या इतका जवळ की अंधारातला डोळा फारसा बिथरत नाही, आणि लालपासून इतका लांब की इशाऱ्याचा लाल वेगळा उठून दिसतो. आपल्या आजीला हे बीएमडब्ल्यूच्याही आधी ठाऊक होतं. कंदिलाची वात ती उगाच बारीक करत नव्हती.

"अंबर आहे?" मी विचारलं.

पोराचा चेहरा पडला. मागच्या खणातून त्याने पाच काढले. मीटर खोलायला वीस मिनिटं. मागचे बल्ब स्क्रूसारखे फिरवून काढायचे, नवे बसवायचे. पाचातले दोन लागले, तीन लागेनात. मी हादरलो. तो शांतपणे म्हणाला, "उलटे बसलेत. एलईडी आहे, प्लस-मायनस लागतं." तिघांना फिरवलं आणि तिघेही उजळले. एसीच्या बटणांमागचे निळेही निघाले. मग त्याने स्टिअरिंगच्या उजवीकडचं एक बोटाएवढं चाक खाली फिरवलं आणि सगळा उजेड हळूच अर्धा झाला. हे चाक हेडलाइटची उंची ठरवतं अशी माझी दोन वर्षं समजूत होती.

ही वाशीला मैत्रिणीकडे होती, तिला घेतलं आणि पामबीचला लागलो. आत पिकल्या आंब्यासारखा उजेड. आकडे जागच्या जागी. काचेत भूत नाही. गणपतीलाही रंग परत आला होता.

"छान वाटतंय," ती म्हणाली. "समईजवळ बसल्यासारखं." मग पुढे वाकली. "पण त्या पोराने एक बल्ब बदललाच नाही बघा. हा वरचा निळाच राहिलाय."

मी पाहिलं. मधोमध, मटाराच्या दाण्याएवढा. तेवढ्यात दुभाजकापलीकडून एकाने डिपर दिला.

मी दांडी मागे ओढली. निळा ठिपका गेला.

"लूज होता वाटतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.