सुधारणा नेमकी कशाची? तळेघरचा पाऊस, खोडदच्या तबकड्या आणि घरातला स्पीकर

(१)
तळेघर हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या या माथ्यालगत पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. पत्र्याच्या छपरावर त्याचा मारा सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाशीही आवाज चढवूनच बोलावे लागते. अशा घरात हाय-फाय संचाची सुधारणा करायची झाल्यास सुरुवात कुठून करावी? प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. ध्वनियंत्रांच्या शंभर वर्षांच्या इतिहासाने मात्र त्याचे गंभीर उत्तर देऊन ठेवले आहे.

(२)
ते उत्तर थोडक्यात असे : संचातला सर्वांत दुबळा दुवा आधी शोधावा, एका वेळी एकच भाग बदलावा आणि जे चांगले चालते त्याला हात लावू नये. आज 'अपग्रेड' या शब्दाचा अर्थ जुने टाकून महाग ते आणणे एवढाच उरला आहे. हा अर्थ इतिहासाला धरून नाही. तो खिशालाही परवडणारा नाही आणि कित्येकदा कानालाही फसवतो.

(३)
आरंभ १९२५ पासून करावा लागतो. त्या वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आपला प्रसिद्ध शोधनिबंध मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कागदी कोन आणि कोनाच्या हालचालीने ढकलली जाणारी हवा, अशी ती रचना होती. फिरत्या वेटोळ्याची कल्पना त्याआधीची होती. ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. राइस-केलॉग यांनी तिला घरात वापरता येईल असे रूप दिले. आज घरोघरी दिसणारे बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. शंभर वर्षांत मूळ यंत्र बदलले नाही. सुधारणा झाली ती त्याच्या भोवतालची.

(४)
पहिली मोठी सुधारणा पेटीची. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरून त्यांनी लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. तोपर्यंत खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागते असा समज होता. विल्चर यांनी सिद्ध केले की पेटी ही स्पीकर ठेवायची नुसती जागा नसून ती स्पीकरचाच एक भाग आहे.

(५)
दुसरी सुधारणा गणिताची. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात, कोणत्या वूफरला किती घनफळाची व कोणत्या प्रकारची पेटी हवी याचे सूत्रबद्ध विवेचन केले. 'थील-स्मॉल पॅरामीटर' या नावाने ते जगभर रूढ झाले. त्यातून निघणारा धडा आजही दुर्लक्षित आहे. जुन्या पेटीत दुप्पट किमतीचा, त्याच व्यासाचा वूफर बसवला तरी त्याचे गुणांक त्या पेटीशी जुळत नसतील तर आवाज पहिल्यापेक्षा वाईटच होतो. आठ इंची वूफर दुसऱ्या आठ इंची वूफरच्या भोकात बसतो; तो त्या पेटीत शोभेलच असे नाही.

(६)
आता भारताकडे. स्वातंत्र्यानंतर चार दशके परदेशी संगीतसंचांवर जबर आयातशुल्क आणि परवान्यांची बंधने होती. साधा रेडिओ घरात ठेवण्यासाठीही १९८०च्या दशकापर्यंत परवाना लागत असे. १९७० मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांनी मध्यमवर्गाला स्टिरिओचा नाद लावला. तरीही पूर्ण संच विकत घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेरच होते. मग पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड हीच अनेक शौकिनांची विद्यापीठे ठरली. तेथून ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि सुटे स्पीकर आणायचे, सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्यायची आणि रविवारी सोल्डरिंग गन हातात धरायची, असा तो काळ होता.

(७)
टंचाईचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या बंधनांमुळे अनेकांना चांगला आवाज ऐकायलाच मिळाला नाही. मात्र त्या टंचाईने एक ज्ञान समाजात पसरवले : संच म्हणजे सुट्या भागांची साखळी आहे आणि तिची प्रत्येक कडी उघडून पाहता येते. जळालेले वेटोळे बदलणारा, फाटलेला कोन नव्याने चिकटवणारा कारागीर तालुक्याच्या बाजारातही भेटत असे. १९९१ नंतर बाजार खुला झाला, वस्तू स्वस्त झाल्या आणि दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीशी स्पर्धा करू लागला. त्या स्पर्धेत कारागीर हरला. त्याच्याबरोबर जाते आहे ते ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही, हे अधिक गंभीर आहे.

(८)
सुधारणा कशी करावी याचा उत्तम धडा मात्र याच परिसरात उभा आहे. तळेघरहून पूर्वेकडे घोडेगाव-मंचर ओलांडून नारायणगावच्या बाजूला गेले की जुन्नर तालुक्यातले खोडद लागते. येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच 'जीएमआरटी' आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. स्पीकर विजेच्या स्पंदनाचा आवाज करतो. ही दुर्बीण आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरींचे विजेच्या स्पंदनात रूपांतर करते. दिशा उलट असली तरी साखळीचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

(९)
जीएमआरटीचे शिल्पकार गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची कारकीर्दच जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराने सुरू झाली. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे निकामी ठरलेल्या सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या भेट म्हणून भारतात आल्या. १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे त्याच तबकड्यांतून सूर्याचा वेध घेणारी दुर्बीण उभी राहिली. एका देशाने बाजूला ठेवलेली सामग्री दुसऱ्या देशाच्या रेडिओ खगोलशास्त्राचा पाया झाली. खोडदच्या तबकड्यांतही हीच काटकसर दिसते : भरीव पत्र्याऐवजी दोरखंडांच्या जाळ्यावर ताणलेली बारीक पोलादी तारेची जाळी. वजन कमी, वाऱ्याचा दाब कमी आणि खर्चही कमी.

(१०)
खरा मुद्दा पुढेच आहे. २०१०च्या दशकात या दुर्बिणीचे मोठे अद्ययावतीकरण झाले. तबकड्या मोडून नव्या, मोठ्या तबकड्या उभारल्या गेल्या नाहीत. त्या उत्तम होत्या, म्हणून तशाच ठेवल्या. बदलले ते नाभीवरचे ग्राहक, अतिकमी गोंगाटाचे अ‍ॅम्प्लिफायर, संदेश वाहून नेणारी यंत्रणा आणि शेवटी गणित करणारी संगणकीय व्यवस्था. परिणामी एका वेळी हाताळता येणारा कंप्रतेचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून कमाल ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. दुबळा दुवा ओळखून केलेली सुधारणा ती हीच.

(११)
या निर्णयामागे जुने तत्त्व आहे. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले की साखळीतला पहिला अ‍ॅम्प्लिफायर पुरेशी वाढ देत असेल, तर एकूण गोंगाट मुख्यतः त्याच्यावरच ठरतो. तेथे मिसळलेली खरखर पुढचा कितीही महाग भाग वेगळी काढू शकत नाही. तो तिलाही मोठी करतो. घरच्या संचातही तसेच. ध्वनिमुद्रणच पिचलेले असेल किंवा तबकडीवरची सुई झिजलेली असेल, तर उत्तम स्पीकर ते दोष अधिक स्पष्टपणे ऐकवतो.

(१२)
खोडदची जागा निवडतानाही शांततेचा विचार आधी झाला. मोठ्या शहरांपासूनचे अंतर आणि भोवतालच्या डोंगरांचा आडोसा यांमुळे येथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी मिळतो. हाच निकष तळेघरच्या घराला लावून पाहावा. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना हलक्या आलापाचे बारकावे त्या आवाजात बुडून जातात. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती साधारण दहापट लागते. त्यापेक्षा छताखाली लाकडी किंवा अन्य आच्छादन करणे, जमिनीवर जाड सतरंजी घालणे आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणे या सुधारणा अधिक गुणकारी आहेत. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवतो आणि माणसाचा आवाज घुमवतो.

(१३)
दुसरा शत्रू ओलावा. अनेक जुन्या स्पीकरांत कोनाच्या कडेला पॉलियुरेथेन फोमचे कडे असते. दमट हवेत त्या फोमचे हळूहळू विघटन होते आणि बोट लावताच त्याचा चुरा पडतो. आवाज फाटू लागला की मालक स्पीकर भंगारात देतो. प्रत्यक्षात चुंबक, वेटोळे आणि कोन अनेकदा धडधाकट असतात. नवे कडे चिकटवले की स्पीकर पुन्हा उभा राहतो. तळेघरसारख्या गावी ते रबराचे निवडणे सयुक्तिक वाटेल. पण रबर फोमपेक्षा जड व कडक असल्याने वूफरचे गुणांक बदलू शकतात, हे थील-स्मॉल यांचे गणित तेथेही विसरता येत नाही.

(१४)
तिसरी जागा क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज वूफरकडे आणि तीव्र स्वर ट्वीटरकडे पाठवणारी लहानशी जुळणी. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर साध्या हिशेबाने विभागणी सुमारे ४,२०० हर्ट्झवर होते. जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळून त्याचे मूल्य ३.३ वर आले, तर तीच रेषा ६,००० हर्ट्झच्या आसपास सरकते. मधला पट्टा पोकळ होतो आणि शब्दांची धार हरवते. तेथे त्याच मूल्याचा फिल्म कपॅसिटर बसवणे ही बहुधा सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जाणवणारी सुधारणा ठरते. नव्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध कमी असल्याने ट्वीटर थोडा प्रखर वाटला, तर मालिकेत लहानसा रेझिस्टर जोडून तो मूळ वळणावर आणता येतो.

(१५)
याउलट महागड्या तारांची कहाणी. १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार ५ मीटर अंतरासाठी वापरली, तर जाऊन-येऊन १० मीटर लांबीचा रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो दीड टक्क्याच्या आतच आहे. एवढ्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीची तार घेणे म्हणजे दुबळा दुवा सोडून मजबूत दुव्याला सोन्याचा मुलामा देणे होय. गंजलेली टोके घासून स्वच्छ करणे याहून कितीतरी हिताचे.

(१६)
येथे एक रास्त आक्षेप निघतो. संगीत मोजपट्टीत बसते काय? शौकिनाला फरक जाणवत असेल तर तो खोटा कसा म्हणावा? कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात नेमका हाच प्रश्न तपासला. श्रोत्यांना कोणता स्पीकर वाजतो आहे हे कळू न देता, आवाजाची पातळी समान राखून त्यांची पसंती नोंदवली. एरवी परस्परविरोधी वाटणाऱ्या आवडी पडद्याआड बऱ्याच जुळल्या आणि सपाट, समतोल प्रतिसाद देणाऱ्या स्पीकरांकडे झुकल्या. कान विश्वासार्ह आहेत. किमतीची पाटी दिसू लागली की ते बिघडतात.

(१७)
मग परीक्षा कोणत्या संगीतावर घ्यावी? दुकानातल्या चकचकीत नमुना-ध्वनिमुद्रणांवर घेऊ नये. ज्याचा मूळ आवाज प्रत्यक्ष ऐकला आहे, त्यावर घ्यावी. जुन्नर-आंबेगावच्या तरुणाला ढोलकी परिचित आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या नावाने ती महाराष्ट्रभर ओळखली जाते. ढोलकीच्या एका तोंडाची टणत्कारी थाप, दुसऱ्या तोंडाचा भरीव घुमारा आणि तुणतुण्याची सलग झणझण एकाच वेळी वेगवेगळी ऐकू आली, तर ट्वीटर, वूफर आणि त्यांची विभागणी या तिन्हींची परीक्षा झाली असे समजावे.

(१८)
हा विषय केवळ छंदाचा राहत नाही. माळ्यावर पडलेला जुना स्पीकर भंगारात गेला की त्याच्याबरोबर एका पिढीची जुळवाजुळव, तिने तपकीर गल्लीत घातलेले हेलपाटे आणि दुरुस्तीचे शहाणपणही जाते. इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने गडावरचा शिलालेख वाचावा. त्याच आस्थेने आजोबांच्या पेटीची मागची पट्टीही उघडून पाहावी. वीज बंद करावी, वायरींचा फोटो काढावा, कपॅसिटरवरचे आकडे वहीत उतरवावेत, फोमला बोट लावून पाहावे. मग एकच भाग बदलावा आणि आठवडाभर ऐकावे. खोडदला तबकड्या जागच्या जागीच राहिल्या आणि तरीही आकाश अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागले. तळेघरच्या घरातही जुनी पेटी जागेवर राहू शकते; पाऊस उघडल्यावर ती पुन्हा वाजली पाहिजे.