इतिहासाचा हिशेब

लढायांच्या आणि तहांच्या तारखा मुखोद्गत असणाऱ्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या वहीखात्यांविषयी मात्र फारसे कुतूहल नसते. गावचे धान्य कोण विकत घेई, कर्ज कोणत्या अटींवर मिळे, विणकराचा माग का थांबला, पेढ्या कशा उभ्या राहिल्या आणि कशा बुडाल्या, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आयुष्य वेचणारा अभ्यासक आपल्याकडे उपेक्षितच राहतो. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे अशा अभ्यासकांचे अग्रणी. केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या योजना-साहाय्याच्या वाटपासाठी 1969 मध्ये ठरलेल्या 'गाडगीळ सूत्रा'मुळे त्यांचे नाव आज स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत उरले आहे. परंतु त्यांच्या विद्वत्तेची खरी कसोटी लागली ती दिल्लीपासून दूर, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी लोणी येथे.

गाडगीळांचा जन्म 10 एप्रिल 1901 चा, नाशिकचा. त्याच वर्षीच्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे निवर्तले होते. दादाभाई, रानडे, रमेशचंद्र दत्त आणि गोखले यांनी परकीय राजवटीचा आर्थिक ताळेबंद देशापुढे मांडला. तो वारसा पुढील पिढीत ज्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने चालविला, त्यांत गाडगीळांचे स्थान वरचे आहे. केंब्रिजमध्ये त्यांनी लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील प्रबंध 1924 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. देशी हस्तव्यवसाय का लयाला गेले, याची मीमांसा त्यात आहे. केवळ परदेशी यंत्राच्या कापडाला दोष देऊन ते थांबले नाहीत. देशी दरबार अस्तंगत झाल्याने कारागिरांचा आश्रय तुटला, आणि नवशिक्षित वर्गाने परकीयांचे अनुकरण करीत स्वदेशी वस्तूंकडे पाठ फिरविली, हीही कारणे त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदविली. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांनी हा आत्मपरीक्षणाचा भाग कधीही विसरू नये.

सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद भूषविल्यानंतर 1930 मध्ये ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले आणि 1966 पर्यंत त्या पदावर राहिले. दप्तरातील आकड्यांवर विसंबून न राहता गावोगाव, घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याची शिस्त त्यांनी तेथे रुजविली. भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमाविषयीचा त्यांचा निबंध 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या प्रदेशात कोणत्या समाजातून व्यापारी आणि उद्योजक पुढे आले, याचा मागोवा घेणारा हा प्रयत्न आपल्या देशातील उद्योग-इतिहासाच्या आरंभीच्या कामांत गणला जातो. 'मराठी माणूस धंद्यात मागे का' हा वाद चहाच्या पेल्याबरोबर रंगविणाऱ्यांनी असा अभ्यास किती चिकाटी मागतो, हे एकदा पाहावे.

या अभ्यासकाला नगर जिल्ह्याने जणू एक तयार प्रश्नपत्रिकाच दिली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि शेतकऱ्याची पत वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले, सारा मात्र वाढला. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. जमावाचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. 1879 मध्ये सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. परंतु कागद जाळून कर्जाचे कारण नाहीसे होत नाही आणि कायद्याने पत निर्माण होत नाही. पीक हाती आले की ते पडेल भावाने दुसऱ्याच्या हवाली करावे लागणे, हे मूळ दुखणे तसेच राहिले.

पुढे पाणी आले. दारणा धरणाच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे चालू झाले, 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला. 1932 मध्ये साखर धंद्याला संरक्षण मिळताच खासगी कारखानदारीला बहर आला. परंतु कालव्याच्या पाण्यावरचा नफा शेतकऱ्याच्या पदरात पडेना. कोणी जमीन कंपनीला खंडाने देऊन स्वतः दूर झाला, तर कोणी गुळाच्या चढउतारात सापडून पुन्हा कर्जात बुडाला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे झालेल्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची गाडगीळांनी केलेली पाहणी 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. जिल्ह्याच्या भूतकाळाचे आणि वर्तमानाचे हे गणित ज्याच्या हाती होते, तोच विद्वान विठ्ठलराव विखे पाटील यांच्या हाकेला ओ देऊन लोणीला आला, हा निव्वळ योगायोग नव्हे.

विठ्ठलरावांपाशी गावकऱ्यांचा विश्वास होता आणि पतपेढी चालविण्याचा अनुभव होता. गाडगीळांपाशी इतिहासाने दिलेली दृष्टी होती. पीक पिकविणाऱ्यानेच प्रक्रियेचा धनी व्हावे, म्हणजे नफा गावात राहील, हे सूत्र दोघांनाही पटले होते. वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या निष्ठावान सहकारी कार्यकर्त्याचे पाठबळ मिळाले. शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पहिले अध्यक्षपद गाडगीळांकडे होते. प्रबंध लिहिणारा हात ताळेबंद तपासू लागला. अर्थशास्त्राचा प्राध्यापक शेतकऱ्यांच्या सभेत बसतो, त्यांच्या शंकांना उत्तरे देतो आणि जोखमीत सहभागी होतो, हे दृश्य आजच्या विद्यापीठीय जगाला अपरिचित वाटेल.

या यशाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले. गाडगीळांच्या शिष्यत्वाला शोभेल असे काम मात्र पुढे झाले नाही, हे खेदाने म्हणावे लागते. गेल्या काही दशकांत राज्यातील अनेक सहकारी कारखाने आजारी पडले, काही विकले गेले. सभासदांची संस्था पुढाऱ्याची गढी केव्हा झाली? शासकीय भांडवलाच्या आधाराने स्वावलंबन वाढले की परावलंबन? उसाने ओढून घेतलेल्या पाण्याची किंमत अवर्षणग्रस्त तालुक्यांनी किती मोजली? ज्यांच्या कोयत्यावर गाळप चालते, त्या ऊसतोड मजुरांना सहकाराच्या लाभात वाटा का मिळाला नाही? हे प्रश्न निवडणुकीच्या सभेत आरोप म्हणून उगारले जातात आणि निकालानंतर विसरले जातात. त्यांची उत्तरे शांतपणे, पुराव्यांनिशी शोधणे हे इतिहासकाराचे काम आहे.

त्यासाठी आधी पुरावे शिल्लक राहिले पाहिजेत. संस्थांच्या स्मरणिका निघतात. त्यांत छायाचित्रे असतात, हिशेब नसतात. जुनी इतिवृत्ते, भागधारकांच्या नोंदी, ऊसभावाची पत्रके आणि पत्रव्यवहार तळघरांत वाळवीच्या स्वाधीन होतात. संस्था विकली गेली की रद्दीच्या भावाने जातात. 1875 मध्ये जाळलेल्या कर्जरोख्यांची आठवण आपण ठेवतो, कारण त्या उद्रेकाची चौकशी झाली आणि ती कागदावर राहिली. आपल्याच पिढीतील संस्थांचे दप्तर जर न जाळताही नष्ट होणार असेल, तर पुढची पिढी आपल्या यशापासून काही शिकणार नाही आणि अपयशापासूनही नाही.

2021 मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले. 2025 हे संयुक्त राष्ट्रांनी सहकाराचे वर्ष म्हणून घोषित केले. अशा वेळी प्रत्येक तालुक्यातील शिक्षकांनी, निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी आणि सामाजिक कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या पतपेढीचे, सोसायटीचे, कारखान्याचे जुने कागद जतन करण्याचा आणि जुन्या सभासदांच्या आठवणी लिहून ठेवण्याचा संकल्प करावा. त्याला फार पैसा लागत नाही, सातत्य लागते. 1971 च्या मे महिन्यात, नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद सोडून दिल्लीहून पुण्याकडे परतताना, गाडगीळांनी प्रवासातच देह ठेवला. त्यांनी उघडलेली खतावणी मात्र मिटलेली नाही. तिच्यात पुढील नोंद करणे, आणि ती खरी करणे, हे आता समाजाचे कर्तव्य आहे.