तळं आणि तुरुंग

'रोमँटिक' हा शब्द आपण इतका वापरला की त्याचा पार चोथा झाला. चांदणं, पाऊस आणि प्रेमात पडलेली दोन माणसं, झालं रोमँटिक! थोडंफार वाचलेला माणूस फार तर वर्डस्वर्थपर्यंत जातो आणि निसर्गप्रेमापाशी थांबतो. अमेरिकन रोमँटिक लेखकांचा विषय निघाला की थोरोची झोपडी आठवते आणि कुणीतरी हटकून म्हणतो, "गावापासून मैल-दीड मैलावर राहायचं, मधूनमधून घरी जेवायला जायचं, हा कसला वनवास?"

हा टोमणा मला कधीच पटलेला नाही. आपण वनवासाला गेलो असं थोरो म्हणतच नाही. एक-दोन दिवसांआड गावात चक्कर मारत असे, हे तो स्वतःच 'वॉल्डन'मध्ये सांगतो. जमीन एमर्सनची, झोपडीचा खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. हा हिशेबसुद्धा त्याने पुस्तकात मांडून ठेवला आहे. लपवायचं असतं तर एवढा तपशील कोण देईल?

१८४५च्या ४ जुलैला तो तिथे राहायला गेला. पुढच्या वर्षी जुलैतच चांभाराकडे दिलेला बूट आणायला गावात आला आणि पकडला गेला. गुलामगिरी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला कर देणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कुणीतरी परस्पर कर भरला म्हणून एका रात्रीत सुटला. त्या रात्रीतून सविनय कायदेभंगावरचा त्याचा निबंध आला (१८४९), जो पुढे गांधीजींनी वाचला. आता सांगा, झोपडी घनदाट अरण्यात असती तर कर मागायला कोण आलं असतं? सरकारचा हात पोहोचेल इतक्या जवळ ती होती, यातच तिचं मोल आहे.

१८५० ते १८५५ या काळात अमेरिकेत 'द स्कार्लेट लेटर', 'मोबी डिक', 'वॉल्डन' आणि व्हिटमनचं 'लीव्हज ऑफ ग्रास' आलं. यातलं चांदण्याचं कुठलं? हॉथॉर्नचा पूर्वज १६९२च्या सेलममधल्या चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीश होता. ते ओझं घेऊन हा माणूस पापाबद्दल आणि पाप ठरवणाऱ्या समाजाबद्दल लिहितो. मेल्व्हिल त्यालाच अर्पण केलेल्या 'मोबी डिक'मध्ये एका माणसाच्या सूडापायी सगळं जहाज बुडवतो. स्वतंत्र झालेला 'मी' किती उंच जाईल आणि किती नासेल, याचीच ही सगळी तपासणी आहे.

हे सगळेच धीट होते असं मात्र नाही. १८५०चा पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा आला, तेव्हा एमर्सन आणि थोरो उघडपणे त्याच्याविरुद्ध बोलले. हॉथॉर्नने मात्र १८५२ साली त्या कायद्याची पाठराखण करणाऱ्या आपल्या मित्राचं, फ्रँकलिन पीअर्सचं, निवडणुकीसाठी चरित्र लिहिलं. पीअर्स राष्ट्राध्यक्ष झाला आणि हॉथॉर्नला लिव्हरपूलची वकिलात मिळाली. मोठा लेखक म्हणून हे विसरायचं कारण नाही.

मराठीत 'वॉल्डन' आणलं दुर्गाबाई भागवतांनी, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने. ऋतूंवर, झाडाफुलांवर इतकं तन्मयतेने लिहिणाऱ्या याच बाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पुढे तुरुंगातही गेल्या. थोरो वाचला म्हणून हे झालं असा माझा दावा नाही. पण तळं आणि तुरुंग ही एकाच पुस्तकाची दोन पानं आहेत हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

बाकीबाबांच्या कवितेवर वाढलेल्या आपल्या गोमंतकीयांना माडाचं, नदीचं वेड सांगायला नको. ते वेड असावंच. फक्त ज्याला नदी आवडते त्याने नदीवर संकट आल्यावर गप्प बसू नये, एवढं तरी थोरोकडून घ्यावं. नाहीतर आपलं निसर्गप्रेम निव्वळ चांदण्याचंच राहील.