अमेरिकेतील लॅटिनो कला : अनुदान कुणाचे, आवाज कुणाचा?

अमेरिकेतील लॅटिनो समाजाविषयी आपल्याकडे जे छापून येते, ते बहुधा सीमेवरची भिंत, घुसखोरी आणि हद्दपारी एवढ्यापुरतेच असते. स्पॅनिश बोलणारी माणसे दक्षिणेकडून येतात आणि अमेरिका त्यांना अडवते, असे चित्र त्यातून उभे राहते. ते अर्धेच आहे. या समाजातील कितीतरी घराणी कुठूनही आलेली नाहीत. ती होती तिथेच आहेत. बदलले ते सरकार.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे हिदाल्गो येथे झालेल्या तहाने युद्धात हरलेल्या मेक्सिकोच्या हातून मोठा मुलूख गेला. टेक्सस त्याआधीच गेले होते. ते धरले तर मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा देश अमेरिकेकडे आला. या मुलखात ऐंशी हजार ते एक लाख मेक्सिकन माणसे राहत होती. कुठल्या देशाचे नागरिक व्हायचे ते ठरवायला त्यांना एक वर्षाची मुदत मिळाली. बहुतेकांनी घर, शेत आणि स्मशान सोडले नाही. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली’ ही त्यांच्या नातवा-पणतवांची घोषणा पुढे सगळीकडे घुमली. ती आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तिथे युद्ध झाले होते, इथे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, हा फरक मोठा आहे आणि तो आम्ही विसरत नाही. पण माणूस आपल्या उंबऱ्यात बसलेला असताना कागदावरची रेघ सरकते, तेव्हा त्याच्या भाषेचे पुढे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

तिकडे काय झाले? १९१८ साली टेक्ससने कायदाच केला की, शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणे हा गुन्हा. परकी भाषा म्हणून शिकवण्यापुरती सवलत होती. घरची भाषा अशी परकी ठरली. मधल्या सुट्टीत तोंडून स्पॅनिश शब्द निघाला म्हणून छड्या खाल्लेली मुले आज आजी-आजोबा आहेत. त्यांतील पुष्कळांनी मग आपल्या मुलांशी मुद्दाम इंग्रजीतच बोलायचे ठरवले. मार आपण खाल्ला तो पुरे, मुलांनी का खावा? एका पिढीच्या पाठीवरचे वळ पुढच्या पिढीची जीभ तोडतात ते असे.

शाळेने दार लावले तेव्हा भाषा आणि रीतिरिवाज कुठे राहिले, हे पाहिले म्हणजे तिथल्या कलासंस्थांचे महत्त्व कळते. १९६५ साली कॅलिफोर्नियातील डेलानो गावी द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप झाला. आधी फिलिपिनो मजूर उठले आणि आठवडाभरात सेझार चावेझ यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. त्या संपात लुईस वाल्देझ नावाचा मजुराचाच मुलगा नाटक घेऊन आला. रंगमंच म्हणजे मालमोटारीचा उघडा हौदा. नट म्हणजे संपावरचे मजूर. गळ्यात पाट्या अडकवायच्या, एकावर ‘मालक’, दुसऱ्यावर ‘संपफोड्या’, आणि मळ्याच्या बांधावर दहा-पंधरा मिनिटांचे प्रहसन करायचे, निम्मे स्पॅनिश, निम्मे इंग्रजी. ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’, म्हणजे शेतमजुरांचे नाटक, हे त्या मंडळीचे नाव. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांची कलापथके ज्यांनी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली, त्यांना यात काही नवल वाटणार नाही. याच वाल्देझ यांचे ‘झूट सूट’ हे नाटक १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले. संप मिटला, मंडळी टिकली.

सान दिएगो शहरातली गोष्ट तर याहून रोकडी. तिथल्या मेक्सिकन वस्तीच्या मधोमध महामार्ग आणि पूल आले, घरे पाडली गेली. पुलाखालच्या जागेत बाग करू, असे आश्वासन वस्तीला मिळाले होते. २२ एप्रिल १९७० रोजी लोकांना कळले की, बुलडोझर आले आहेत ते बागेसाठी नव्हे, महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी. बायका, मुले, विद्यार्थी यंत्रांपुढे साखळी करून उभे राहिले. बारा दिवस जागा सोडली नाही. शेवटी बाग मिळाली. मग चित्रकारांनी पुलाच्या उघड्याबोडक्या खांबांवर आपला सगळा इतिहास रंगवून काढला. २०१६ साली अमेरिकन सरकारनेच या चिकानो पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. ज्यांना हटवायला यंत्रे पाठवली होती, त्यांच्याच हातची चित्रे सरकारच्या यादीत गेली.

त्याच सुमारास अशा संस्था ठिकठिकाणी निघाल्या. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात पोर्तोरिको बेटावरून आलेल्या कुटुंबांनी आपल्या मुलांना आपला इतिहास शिकवा, असा धोशा लावला. त्यातून १९६९ मध्ये एका सरकारी शाळेच्या वर्गात ‘एल म्युझेओ देल बारिओ’, म्हणजे वस्तीचे संग्रहालय, सुरू झाले. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात कॅरेन बोकालेरो या जोगिणीने दोन-चार चित्रकारांना बरोबर घेऊन एका मोटारीच्या गॅरेजात छापखाना मांडला. त्याची ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ ही संस्था झाली. तिथे छापलेली भित्तिचित्रे आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. मृतांच्या दिवसाचा मेक्सिकन सण, म्हणजे आपल्या सर्वपित्रीसारखा, शहरात सार्वजनिक रीतीने साजरा करण्याची प्रथा या संस्थेने रुजवली.

या साऱ्या संस्था कायद्याने ‘बिगर-नफा’ आहेत. त्यांना कर माफ आणि देणगी देणाऱ्यालाही करात सूट. बदल्यात अट अशी की, निवडणुकीत कुणा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. कायद्यासाठी किंवा अनुदानासाठी प्रतिनिधींकडे पाठपुरावा करता येतो, पण बेताने. आमच्याकडे संस्था काढणाऱ्यांचा समज असतो की, कला वेगळी आणि मागणी वेगळी. मागणी करणे म्हणजे राजकारण. तिकडच्या लहान संस्थांना पहिल्या दहा-वीस वर्षांतच उमगले की, मागणी केली नाही तर कलाही राहत नाही. म्हणून १९८९ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनिओ शहरात ‘नॅशनल असोसिएशन ऑफ लॅटिनो आर्ट्स अँड कल्चर्स’, थोडक्यात ‘नालॅक’, ही संस्था स्थापन झाली. ती स्वतः नाटक करत नाही, चित्र काढत नाही. देशभर विखुरलेल्या लहान मंडळ्यांना एकत्र आणणे, कार्यकर्त्यांना हिशेब, अर्ज आणि संस्था चालवण्याचे शिक्षण देणे, २००५ पासून कलावंतांना व लहान संस्थांना थेट मदत वाटणे आणि वॉशिंग्टनला जाऊन प्रतिनिधींपुढे बोलायचे कसे याची तालीम देणे, हे तिचे काम. ऐकायला रुक्ष वाटते. पण एखादे मंडळ बंद पडते ते नट मिळाले नाहीत म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा अर्ज भरायला आणि पावत्या सांभाळायला माणूस नसतो म्हणून पडते.

त्याच सॅन अँटोनिओत एक खटला झाला. तो आम्हाला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे ‘एस्पेरान्सा’ (स्पॅनिशमध्ये आशा) नावाचे केंद्र १९८७ पासून आहे. ग्रासिएला सांचेझ यांनी ते आरंभापासून सांभाळले. चित्रप्रदर्शने, चित्रपट, गाणी, वस्तीतल्या बायकांचे मातीकाम असे नाना उद्योग तिथे चालतात. त्याबरोबर नगरपालिकेच्या धोरणांवर टीकाही चालते. समलिंगी व्यक्तींच्या चित्रपट महोत्सवाला या केंद्राने जागा दिली, तेव्हा त्याच्याविरुद्ध शहरात मोठी ओरड झाली. सप्टेंबर १९९७ मध्ये नगर परिषदेने अंदाजपत्रक मंजूर करताना एस्पेरान्साचे अनुदान पूर्ण काढून टाकले. शहराच्या कला विभागाने या अनुदानाची शिफारस केली होती, तरीही. पुष्कळांनी अशा वेळी निषेधाचा ठराव करून गप्प बसणे पसंत केले असते. हे लोक दुसऱ्या वर्षी संघराज्याच्या न्यायालयात गेले.

१५ मे २००१ रोजी न्यायाधीश ऑर्लँडो गार्सिया यांनी निकाल दिला. त्याचा गाभा साधा आहे. सरकारने कलेला पैसा द्यायलाच हवा, असे कुठे लिहिलेले नाही. पण एकदा सर्वांसाठी अर्ज मागवून अनुदानाची योजना उघडली, की अर्जदाराचे विचार पटत नाहीत म्हणून त्याला वगळता येत नाही. ते भाषणस्वातंत्र्याचे आणि समान वागणुकीचे उल्लंघन होते. याखेरीज न्यायालयाने आणखी एक गोष्ट पकडली. जाहीर सभेच्या आदल्या दिवशीच महापौरांनी सदस्यांशी भेटून, बोलून, सहमतीच्या कागदावर सह्या जमवल्या होत्या. म्हणजे निर्णय बंद दाराआड झाला आणि सभेत नुसता हात वर करण्याचा देखावा उरला. टेक्ससच्या खुल्या सभांच्या कायद्याचा हा भंग ठरला. असे सह्यांचे कागद फिरताना पाहिलेले पंच-सदस्य आमच्याही वाचकांत असतीलच! आणखी काय सांगावे?

मात्र न्यायालय जिंकले म्हणून तिजोरी भरत नाही. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत लॅटिनो लोक ६ कोटी २१ लाख भरले, म्हणजे शंभरात जवळजवळ एकोणीस. मोठ्या धर्मादाय निधींच्या देणग्यांत लॅटिनोंसाठी असे नाव घेऊन जाणारा वाटा मात्र दीड टक्क्याच्याही आत आहे, असे त्या क्षेत्रातल्यांच्या पाहणीतून वर्षानुवर्षे निघते आहे. जागेचे भाडे हे आणखी एक दुखणे. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘गालेरिया दे ला रासा’ या १९७० च्या कलादालनाला २०१८ मध्ये भाडेवाढीपायी चाळीसहून अधिक वर्षांची जागा सोडावी लागली. वस्तीला रंग चढला तो चित्रकारांमुळे, आणि तो पाहून भाडे चढले ते चित्रकारांवरच. ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ची इमारत चर्चच्या मालकीची होती, ती २००८ मध्ये विकली गेली. संस्था दुसऱ्या वस्तीत गेली आणि पुढे तिथली वास्तू तिने विकत घेतली. भाडेकरू असताना वाटणारी धाकधूक काय असते, हे ज्या वाचनालयाने एकदा तरी घरमालकाची नोटीस घेतली असेल त्यालाच कळेल.

आता राजधानीकडे. स्मिथसोनियन ही अमेरिकेची राष्ट्रीय संग्रहालयांची संस्था. तिच्याच नेमलेल्या समितीने १९९४ साली अहवाल दिला आणि त्याला शीर्षक दिले ‘जाणूनबुजून केलेली उपेक्षा’. घरच्याच माणसांनी इतके स्पष्ट लिहावे, हे विशेष. त्यानंतर स्वतंत्र लॅटिनो संग्रहालयाचा कायदा व्हायला डिसेंबर २०२० उजाडला, तोही एका सिनेटरने काही दिवस अडवून धरल्यावर. बांधकामाचा निम्मा खर्च सरकारने द्यायचा आणि निम्मा देणग्यांतून उभा करायचा, अशी व्यवस्था आहे. जून २०२२ मध्ये इतिहास संग्रहालयातच एक दालन उघडले. स्वतंत्र इमारत अजून उभी राहिलेली नाही. २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने पैसा रोखण्याच्या बाजूने मत दिले. दालनात काय दाखवले यावर काही लॅटिनो प्रतिनिधीच नाराज होते, हे नोंदवले पाहिजे. हा समाज एका विचाराचा नाही. त्याच वर्षी बातमी आली की, लॅटिनो तरुणांच्या हक्कांच्या चळवळींवर तयार होत असलेले प्रदर्शन बाजूला ठेवण्यात आले आणि त्याऐवजी साल्सा संगीतावरचे प्रदर्शन घेतले. साल्सा उत्तमच आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. पण नाचगाणी चालतात आणि नाच्यांनी काय सोसले ते चालत नाही, हा कल पैसा देणाऱ्यांत सगळीकडे दिसतो. लोकनृत्याच्या स्पर्धेला अनुदान मिळते. शाळेतल्या छडीवरच्या नाटकाला विचारावे लागते.

२०२५ साल या संस्थांना कठीण गेले. १ मार्चला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली. तोवर देशपातळीवर अशी भाषा नव्हती. २ मे रोजी १९६५ पासून चाललेल्या राष्ट्रीय कला निधीने देशभरच्या कित्येक संस्थांना पत्रे धाडली की, मंजूर झालेले अनुदान रद्द केले आहे. सर्वच समाजांच्या संस्था त्यात भरडल्या. मोठ्या नाट्यगृहाचे ओझे थोडे कलते. पण ज्या मंडळाचा वर्षाचा निम्मा खर्च त्या एका पत्रावर बेतलेला, त्याचा शिकवणारा मास्तर दुसऱ्या दिवशी घरी बसतो.

कोण तगून राहील, याचा अंदाज करायचा तर अनुदानाच्या रकमेपेक्षा दुसऱ्याच गोष्टी पाहाव्या लागतात. घर स्वतःचे आहे काय? वस्तीतले लोक दहा-वीस डॉलर तरी दर वर्षी देतात काय? हिशेबाची वही आणि सभांची टिपणे अशी आहेत काय, की उद्या न्यायालयापुढे ठेवता येतील? एस्पेरान्साने अनुदान गेल्यावर नेमके हेच केले होते. घरोघर, सभांमधून, लहान लहान देणग्यांवर ती वर्षे काढली आणि खटलाही त्याच बळावर लढवला. ते केंद्र आजही सॅन अँटोनिओत उभे आहे. शहराच्या पश्चिम भागातील त्याच्या मातीच्या कारखान्यात वस्तीतल्या बायका भांडी घडवतात, भाजतात आणि विकतात. आणि काम करता करता बोलतात ते स्पॅनिशमध्ये.